दिवेलागणीनंतरचे कोपनहेगन

परदेशच्या प्रवासाची आखणी करताना दिवसाचा कार्यक्रम ठरविण्यास फारसे श्रम पडत नाहीत. राजवाडे, प्रार्थनामंदिरे, संग्रहालये यांच्या याद्या तयारच असतात. खरी पंचाईत होते ती रात्रीची. युरोपातील शहरांची रात्र म्हणजे मद्यगृहे आणि नाचघरे, अशी आपल्याकडील समजूत. आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. मग होते काय, की सात वाजता जेवणे उरकून वडील माणसे व मुले हॉटेलच्या खोलीत कोंडली जातात, त्यांच्यापाशी घरातील एखादी सून राहते, आणि उरलेली मंडळी 'जरा फिरून येतो' म्हणून बाहेर पडतात. सहकुटुंब निघालेला प्रवास दिवेलागणीनंतर सहकुटुंब राहत नाही. आमच्या घरीही आजवर असेच चालत आले, आणि मागे राहणारी सून बहुधा आमच्या वहिनीच असत, हे येथे कबूल केलेले बरे.

यंदा जूनच्या अखेरीस आम्ही डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे तीन दिवस मुक्काम केला. मातोश्री, थोरले बंधू व वहिनी, आम्ही उभयता आणि दोन मुले असा सात जणांचा गोतावळा होता. निघण्यापूर्वीच वहिनींनी शांतपणे सांगून टाकले, "या खेपेस रात्री खोलीत बसायचे असेल तर सगळेच बसू. नाही तर सगळेच निघू." यावर कोणी काही बोलले नाही.

पहिल्या संध्याकाळी सूर्यानेच वहिनींचा पक्ष घेतला. त्या दिवसांत तेथे सूर्य मावळतो तो दहाच्या सुमारास. त्यानंतरही उत्तरेकडील आकाश रात्रभर पुरते काळे होत नाही. मातोश्रींचा नेम असा, की दिवा लागल्यावर शुभंकरोती म्हणावयाचे आणि मग मुलांची निजानीज. आठ झाले, नऊ झाले, खिडकीत लख्ख ऊन! "आजी, अजून दिवेलागण झालीच नाही, मग झोपायचे कसे?" हा धाकटीचा युक्तिवाद बिनतोड होता. सातही जण बाहेर पडलो.

प्रथम गेलो न्यूहाव्नला. राजा पाचवा ख्रिश्चन याने १६७१ ते १६७३ या काळात खणविलेला हा कालवा, आणि त्याच्या काठी रंगीबेरंगी उंच घरांची ओळ. चित्रांतून दिसते त्याहून जागा सुंदर आहे. परंतु उन्हाळ्यातील संध्याकाळी काठावर पेले घेऊन बसलेल्यांची अशी दाटी असते, की वडील माणसांस टेकावयास हातभर जागा मिळू नये. मुलांचे लक्ष मात्र घरांच्या क्रमांकांवर होते. परीकथाकार हान्स अँडरसन या एकाच कालव्याच्या काठी वीस, सदुसष्ट आणि अठरा अशा तीन घरांत निरनिराळ्या काळी भाड्याने राहिला. स्वतःचे घर त्याने जन्मभर केले नाही. "म्हणजे बिऱ्हाडकरूच की!" असे म्हणून मातोश्रींनी त्याला आपल्यात जमा करून घेतले.

या लोकांचा आपला संबंध काय, असेही त्यांनी विचारले. संबंध आहे, आणि तो थोडाथोडका नाही. याच शहरातून निघालेल्या जहाजांनी १६२० मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीचे ठाणे वसविले. बंगालमधील श्रीरामपूरही १८४५ पर्यंत डेन्मार्कच्याच ताब्यात होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघाले ते या श्रीरामपुरात. आपल्या भाषेचे हे आरंभीचे छापील पुस्तक डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली निघाले, ही गोष्ट आम्हांसही त्या कालव्यावर उभे राहीपर्यंत कधी सुचली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी टिव्होलीत गेलो, आणि ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते तेथे पाहिले. टिव्होली हे मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरील करमणुकीचे उद्यान. गेओर्ग कार्स्टेन्सन नावाच्या गृहस्थाने राजा आठवा ख्रिश्चन याजकडून पाच वर्षांची परवानगी मिळवून १५ ऑगस्ट १८४३ रोजी ते उघडले. लोक करमणुकीत रमले म्हणजे राजकारणाकडे त्यांचे लक्ष जात नाही, असे त्याने राजास पटविल्याची आख्यायिका आहे. जागा शहराच्या जुन्या तटालगतची. उद्यानातील तळे म्हणजे त्या तटाच्या खंदकाचाच उरलेला तुकडा होय. वॉल्ट डिस्ने याने आपले उद्यान १९५५ मध्ये उघडले, त्याआधी तो हे पाहून गेला होता.

येथे प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे. एकत्र कुटुंबास ही व्यवस्था फार सोयीची. कारण ज्यांना केवळ बाकावर बसून फुले व माणसे पाहावयाची आहेत त्यांनी पाळण्यांचा भुर्दंड का सोसावा? तरीही खर्च बेताचा होतो असे मात्र कोणी समजू नये. खाण्याच्या बाबतीतही आबाळच. राईच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याचे काप घालून देतात, तेवढे अंड्याची चटणी वगळावयास सांगून आम्हांस चालले; बाकी भिस्त घरून नेलेल्या दशम्यांवर. मद्य तेथेही विकले जाते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या शेजारच्या बाकावर आजोबा नातवास आइस्क्रीम भरवीत असतात, आणि दोघांचेही एकमेकांवाचून काही अडत नाही.

उद्यानात १८७४ साली बांधलेले मूकनाट्यगृह आहे. प्रेक्षक उघड्यावर बसतात आणि रंगमंचावर मोराच्या पिसाऱ्याचा पडदा असतो. तो वर जात नाही, पिसारा मिटावा तसा दोहों बाजूंस दुमडत जातो. आत हार्लेकिन, कोलंबिन आणि पांढऱ्या तोंडाचा विदूषक पियेरो यांची भांडणे. शब्द एकही नाही, त्यामुळे मातोश्रींस आणि शेजारच्या डॅनिश बाईंस ते सारखेच कळत होते. दोघी एकाच वेळी हसल्या. खेळ संपल्यावर मुले ओरडू लागली. 'पियेरो, काहीतरी बोल' असा त्या आरोळीचा अर्थ, हे त्या बाईंनीच आम्हांस इंग्रजीत सांगितले. आमच्या धाकटीने तोवर ती आरोळी पाठही केली होती.

तेथून वहिनी नाहीशा झाल्या. शोधता शोधता दिसल्या त्या १९१४ च्या लाकडी रोलर-कोस्टरच्या रांगेत, पुतणीचा हात धरून. या गाडीवर प्रत्येक फेरीस ब्रेक धरून बसणारा एक माणूस असतो. उतरणीवर वेग किती ठेवावयाचा ते त्याच्या हाती. वहिनी एकदा बसल्या. उतरून, कोणाकडेही न पाहता, पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. थोरले बंधू त्यांची पर्स सांभाळीत खाली उभे होते.

दहाच्या पुढे झाडांतून, कमानींतून, तळ्याच्या काठाने दिवे लागत गेले. मातोश्रींनी बाकावरूनच हात जोडले आणि शुभंकरोती म्हटले. आपल्याकडेही रात्र काही केवळ पुरुषांची नव्हती. पहाटेपर्यंत चालणारी कीर्तने, जत्रा, संगीत नाटके यांना आमच्या आज्या-पणज्या मुलेबाळे घेऊन जात. ती रात्र आपण केव्हा आणि का सोडली, हे आम्हांस त्या बाकावर बसून आठवेना.

डॅनिश लोकांनी मात्र आपल्या संध्याकाळीसाठी मोल दिले आहे. १९४० पासून देश जर्मनांच्या ताब्यात होता. जून १९४४ मध्ये कोपनहेगनवर रात्री आठपासून संचारबंदी लादण्यात आली. ऐन जूनमध्ये, जेव्हा आठ म्हणजे भर दुपारच! जहाजांच्या कारखान्यातील कामगार दुपारीच काम टाकून घरी निघाले. कारण सांगितले ते असे, की संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, तेव्हा भाजीच्या वाफ्यांस पाणी घालावयाचे केव्हा? पाहता पाहता सारे शहर संपावर गेले, लोकांनी रस्त्यांत होळ्या पेटविल्या. पाणी, गॅस, वीज तोडली गेली. सुमारे शंभर माणसे प्राणास मुकली. अखेर संचारबंदी शिथिल करावी लागली. त्याच दिवसांत जर्मनांच्या स्थानिक हस्तकांनी टिव्होलीतील संगीतगृह उडवून दिले. काही आठवड्यांतच उद्यान पुन्हा उघडले.

त्या रात्री परतताना साडेअकरा झाले होते. तेथील भुयारी रेल्वे रात्रभर चालते आणि तिला चालक नसतो, त्यामुळे सर्वांत पुढील काचेशी कोणीही बसावे. मुलांनी ती जागा आजीस दिली.

तिसऱ्या दिवशी धाकटीचे पाय भरून आले आणि थोरल्याने अंग टाकले. कोणीतरी खोलीत राहणे भागच होते. सर्वांच्या नजरा सवयीने वहिनींकडे वळल्या. परंतु त्या चपला घालून दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे मातोश्री. थोरल्या बंधूंनी मुकाट्याने पुस्तक उघडले. दोघी परतल्या तेव्हा बारास दहा मिनिटे कमी होती. कोठे गेला होतात, असे आम्ही विचारले. "जरा फिरून आलो," मातोश्री म्हणाल्या.