घर पाहावं बांधून (लेखांक १४) : फाटक ते पोर्च

मागच्या आठवड्यात कंपाउंड आणि फाटक झालं. आता फाटकातून गाडी आत आणायची तर चाकाखाली काँक्रीट हवं. नाशिकमध्ये बंगला बांधणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात हा खर्च बहुधा शेवटच्या ओळीत, 'बाहेरची किरकोळ कामं' या नावाखाली असतो आणि तिथवर येईतो पैसे संपलेले असतात. मग ठेकेदार येतो, पावलांनी जागा मोजतो आणि सांगतो, "चौरस फुटाला इतके पडतील, साहेब." आपण घासाघीस करून दोन-पाच रुपये कमी करून घेतो आणि खूश होतो.

या चौरस फुटाच्या दरात जाडी दिसत नाही, सिमेंटची पोती दिसत नाहीत आणि खालचा भराव तर मुळीच दिसत नाही. म्हणून आज हिशेब ब्रासात आणि पोत्यांत करू.

समजा रस्ता १० फूट रुंद आणि ४० फूट लांब, म्हणजे ४०० चौरस फूट. जाडी ५ इंच. काँक्रीट झालं १६७ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा पावणेदोन ब्रासला थोडं कमी. एम २० चा माल, गवंड्याच्या भाषेत एकास दीड-तीन, धरला तर सिमेंटची ३८ पोती, क्रश सॅन्ड पाऊण ब्रासच्या आत आणि खडी दीड ब्रासच्या आत लागते. सांडलवंड धरून ४० पोती मागवा. कुणी "तीस पोत्यांत बसवतो" म्हणाला तर कसब म्हणून कौतुक करू नका. एक तर जाडी कमी होणार आहे किंवा सिमेंट.

आता एक इंच वाचवायचा मोह. पाचाऐवजी चार इंच केलं तर साडेसात-आठ पोती वाचतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. हिशेबापुरता पोत्याचा भाव चारशे रुपये धरा. वाळू-खडीसकट वाचले पाचेक हजार. मजुरी जवळपास तेवढीच राहते. पण लादीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते : पाचाचा वर्ग २५, चाराचा १६. एका इंचाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गेली. एवढ्या स्वस्तात इतकी ताकद घराच्या दुसऱ्या कुठल्याच कामात विकत मिळत नाही.

तरीही खरा पैसा जमिनीखाली लागतो. डोंगराच्या कुशीतल्या प्लॉटवर हातभर खणलं की मुरूम लागतो. तिथे वरची माती खरवडून रोलर फिरवला की बरंचसं काम झालं. पण द्राक्षबागा मोडून पडलेल्या लेआउटमध्ये काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी तडकते की भेगेत पंजा जातो. तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट दोन पावसाळ्यांत तुटतं आणि शिव्या गवंडी खातो. अशा जागी निदान दीड फूट माती काढायची, म्हणजे आपल्या ४०० चौरस फुटांत सहा ब्रास. तेवढाच कडक मुरूम थराथराने भरायचा. एका वेळी सहा इंच, पाणी मारून, छोट्या रोलरने दाबून. मुरूम दबला की बसतो, म्हणून मागवताना सात-साडेसात ब्रास धरा. काढलेली माती टाकायचं भाडं वेगळं. ठेकेदाराच्या दरात यातलं काय धरलंय, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

इथे माझी एक सूचना बांधकामाच्या वेळापत्रकात बसत नाही, पण पैशांच्या वेळापत्रकात छान बसते. भराव पावसाळ्याआधी करा, एक पावसाळा त्याच्यावर जाऊ द्या आणि काँक्रीट दिवाळीनंतर करा. भराव जिथे बसायचा तिथे बसतो, खड्डे पडले तर डोळ्यांना दिसतात आणि खर्चाचेही दोन हप्ते होतात. एप्रिल-मेच्या दुपारी तर काम काढूच नका. कोरड्या वाऱ्याने वरचं पाणी उडतं आणि माल ओला असतानाच बारीक भेगा पडतात.

पाण्याचा ढाळ आधी ठरवायचा. फुटाला पाव इंच, म्हणजे चाळीस फुटांत दहा इंच. पण कुठल्या बाजूला? महापालिकेचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा उंच होतो आणि जुने बंगले खाली जातात. तेव्हा फाटकाशी आडवी चर, वर लोखंडी जाळी, आणि तिचं पाणी बागेतल्या शोषखड्ड्याकडे. दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्याशा जागेवरून अठराशे लिटर पाणी वाहतं. रामकुंडाच्या परिसरात गोदापात्रातलं काँक्रीट काढावं म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं हे शहर आहे. निदान आपलं अंगण सगळं लिंपू नये. मला विचाराल तर चाकांपुरते अडीच-अडीच फुटांचे दोन पट्टे आणि मध्ये हिरवळ. काँक्रीट निम्मं लागतं आणि पाणी मुरतं. घरात काठी घेऊन चालणारं कुणी असेल तर मात्र सलगच करा.

ओतण्याआधी आडवे दोन चार-इंची पीव्हीसी पाइप पुरून ठेवा. उद्या गाडीच्या चार्जरची केबल किंवा नळाची लाइन न्यायची झाली तर ब्रेकर लावावा लागणार नाही.

भेगांचं म्हणाल तर काँक्रीट आक्रसणारच; भेग कुठे पडायची एवढंच आपल्या हातात असतं. दर दहा फुटांवर कटरने सव्वा ते दीड इंच खोल खाच, दुसऱ्या दिवसाच्या आत. घराच्या जोत्याला काँक्रीट चिकटवू नका, मध्ये फळीएवढी भरणपट्टी ठेवा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बेलफाँटेन गावी जॉर्ज बार्थोलोम्यूने १८९१ साली सिमेंटचा रस्ता केला तोही पाच-पाच फुटांच्या चौकोनांत. गावाचा विश्वास बसेना, तेव्हा पाच वर्षांच्या हमीपोटी त्याने पाच हजार डॉलर भरले. आपल्याकडे उलट पद्धत चालते : ठेकेदाराला आगाऊ रक्कम आपणच देतो. किमान दहा टक्के हातात ठेवा आणि ते पहिल्या पावसानंतर द्या.

ओतायच्या दिवशी मिक्सरपाशी उभे राहा. खडी नाही, पोती नाहीत, पाणी मोजा. आयएस ४५६ प्रमाणे एम २० ला पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे रंगाचा वीस लिटरचा डबा दीड वेळा. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाट्याने ओढायला सोपं जावं म्हणून "अजून एक बादली टाक रे" असा आवाज हमखास येतो. तिथेच थांबवायचं. ट्रिमिक्स करणार असाल तर ते यंत्र जास्तीचं पाणी ओढून घेतं आणि पृष्ठभाग कणखर होतो, पण एवढ्याशा जागेसाठी यंत्राचं किमान भाडं परवडतं का ते बघा. पृष्ठभाग मात्र गुळगुळीत नको. ओला असतानाच खराटा फिरवा, पावसात पाय घसरणार नाही.

क्युरिंग सात दिवस असं सगळे सांगतात. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी असतं. त्याला किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस लागतात. गोणपाट अंथरून ओलं ठेवा, किंवा मातीची आळी करून पाणी साठवा. पाणी मारायला माणूस ठेवलात तर त्याची मजुरीही हिशेबात धरा.

दुचाकी आठवड्याने, मोटार २८ दिवसांनी. पाण्याचा टँकर कधीच नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. तो रस्त्यावर उभा करून पाइप आत घ्यायचा. टँकर आत येणारच असेल, तर पाच इंच विसरा आणि इंजिनिअरकडून जाडी, लोखंड नव्याने काढून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : जमिनीखालची टाकी)