पद्मिनीला जोर कुठून येतो?

मुंबईत प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये इतिहासजमा झाली. उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या, आणि त्यांच्या मालकांचा एक ठरलेला प्रश्न: हिचा पिकअप थोड्या पैशांत वाढेल का? वाढतो. पण त्यासाठी गॅरेजात मिळणारे निम्मे सल्ले पैसा खातात आणि जोर काही देत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज बोअरिंगचा. "ओव्हरसाइज पिस्टन टाका, गाडी उडेल," असं छातीठोक सांगितलं जातं. जरा हिशेब करू. कुर्ल्यात बनलेल्या या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. बोअर एक मिलिमीटरने वाढवला की होतात ११२२ सीसी, म्हणजे वाढ तीन टक्के. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीत ही भर जेमतेम एक-सव्वा हॉर्सपॉवरची. बोअरिंगनंतर गाडी खरंच पळू लागते, हे मान्य. पण ते श्रेय वाढलेल्या सीसीचं नाही, कॉम्प्रेशनची गळती थांबल्याचं आहे. म्हणून मुळात गळती आहे का, हे आधी बघावं.

त्याला खर्च नाममात्र. इंजिन गरम करा, इग्निशनची जोडणी काढा, चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर लिहून घ्या. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. तिथेच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. व्हॉल्व्ह नीट बसवून घेण्याचं काम बोअरिंगच्या मानाने स्वस्त, आणि गेलेला जोर बऱ्याचदा तेवढ्यानेच परत येतो.

"मोठा कार्ब्युरेटर लावा" हा दुसरा मंत्र. मोठ्या तोंडातून कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा फवारा नीट होत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गचके खाते. त्यापेक्षा जुन्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल हाताने हलवून बघा. तो खुळखुळत असेल तर तिथून फुकटची हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडलिंग टिकत नाही. सायलेन्सर मोकळा केल्याने आवाज वाढतो, एवढंच.

प्रीमियम पेट्रोलने पिकअप वाढतो, हाही भ्रमच. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची क्षमता. नॉकिंगच नसेल तर जास्त ऑक्टेनचा उपयोग काय? उलट "हेड घासायचंच नाही" ही भीती अर्धीच खरी. हे इंजिन आखलं गेलं तेव्हाच्या पेट्रोलपेक्षा आजचं साधं पेट्रोल ऑक्टेनमध्ये सरस आहे, त्यामुळे हेड घासून मोजून-मापून थोडं कॉम्प्रेशन वाढवता येतं. जाणकार मशिनिस्टकडून, टायमिंग नव्याने लावून घेऊनच. माझ्या मते खऱ्याखुऱ्या वाढीचा हाच सर्वांत किफायतशीर मार्ग आहे.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे मात्र नवा प्रश्न आलाय. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कार्ब्युरेटरचा जेट जुनाच ठेवला तर वीस टक्के मिश्रणावर गाडी लीन चालते, पिकअप पडतो, इंजिन तापतं. एक पायरी मोठा जेट हा त्यावरचा उपाय. पंपाचा डायफ्रॅम आणि जुने रबरी पाइप तेव्हाच बदलावेत, कारण पाइप फुगून गळू लागला तर आगीशी गाठ असते.

खंडाळ्याचा घाट चढताना गाडी मरगळली म्हणून इंजिन उघडायला जाऊ नका. सहाशे मीटर उंचीवर हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते आणि बिनटर्बोच्या कुठल्याही इंजिनाचा जोर साधारण तेवढाच घटतो.

शेवटचा मोह परक्या इंजिनाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. आरटीओची परवानगी न घेता बसवलेलं इंजिन अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही आडवं येऊ शकतं. शिवाय पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेग दीडपट झाला की गाडी थांबवताना त्यांना सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते.