रुग्णाच्या डावीकडची खुर्ची

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यातील एक जुन्या रुग्ण आपल्या मुलीला घेऊन आल्या. दात कोणाचाच दुखत नव्हता. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झालेली. एका दंतवैद्यांनी तिला मदतनीस म्हणून बोलावले होते. "कामाला लावू, की पुढे शिकवू?" हा आईचा प्रश्न. मुलीचा निराळा : "डॉक्टर, रक्त बघून मला चक्कर आली तर?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पहिल्या आठवड्यात पुष्कळांना तसे होते; पुढे नजर सरावते. पहिला प्रश्न मात्र विचार करायला लावणारा.

डेंटल असिस्टंट म्हणजे तोंडातील लाळ ओढणारी नळी धरणारी व्यक्ती, असा समज आहे. खरे काम रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वी आणि तो उठून गेल्यावर असते. वापरलेली हत्यारे घासून, कोरडी करून पाकिटात बंद करायची, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक करायची. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात. दातांचे माप घेण्यासाठी अल्जिनेट कालवावे लागते. ते पाहता पाहता घट्ट होते. पाणी कोमट असेल तर अधिकच लवकर, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही थंड पाणी वापरतो. माप निघाल्यावर त्यात प्लास्टर भरायला वेळ लावला, तर ते सुकून आकसते आणि कवळी बसत नाही. हे सारे हातांनी शिकायचे काम आहे. हुशार हातांना त्यात गोडीही लागते.

आणखी एक गोष्ट. १८८५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे डॉ. एडमंड केल्स यांनी मदतीला स्त्री नेमली, तेव्हा स्त्रियांना सोबत कोणाला न आणता उपचारास येता येऊ लागले. आपल्याकडे आजही दार लोटण्यापूर्वी 'आत बाई आहेत ना?' असे विचारणाऱ्या आज्जी मला भेटतात.

आता धोक्याविषयी. मी नवा असताना माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंना वापरलेली सुई टोचली. हिपॅटायटिस-बीची लस घेतली आहे का, हे मी तेव्हा प्रथम विचारले. घेतलेली नव्हती. पुढचे कित्येक महिने तपासण्यांत गेले. काही निघाले नाही; परंतु तेवढा काळ त्यांच्या डोळ्यांकडे पाहणे मला जड जाई. लस पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यायची असते, आणि ती रुजू होण्याआधी देण्याची जबाबदारी मालकाची, असे मी मानतो. सुईचे टोपण दोन्ही हातांनी लावू नये, हेही पहिल्याच दिवशी शिकवावे. मान आणि कंबर यांचे दुखणे मात्र हळूहळू येते. वाकून नव्हे, बसायची उंची साधून काम करावे.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या दोघांची नोंदणी मान्य केली. पहिला दात स्वच्छ करतो, दुसरा कवळ्या घडवतो. दोन्हींसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. नुसत्या कामातून शिकलेली मदतनीस दहा वर्षांनी कितीही तरबेज झाली, तरी त्या नोंदवहीत तिचे नाव येत नाही. 'आज जरा तूच क्लीनिंग करून टाक' असे सांगणारे दवाखाने मी पाहिले आहेत. तिथे नाही म्हणता आले पाहिजे, आणि नव्या मुलीला ते फार अवघड जाते.

म्हणून मी त्या बाईंना स्पष्ट सांगितले : दोन वर्षांचा खर्च झेपत असेल तर आधी पदविका. झेपत नसेल तर नोकरी जरूर धरावी. मात्र लस कोण देणार, रात्री सुटायची वेळ कोणती, सुट्टी किती, हे आधी विचारून लिहून घ्यावे. तत्पूर्वी मुलीने आठ दिवस आमच्याकडे नुसते बसून काम पाहावे.

आई विचारात पडल्या. मुलीने विचारले, "सोमवारपासून येऊ?"

ये म्हटले. फक्त चपला नकोत, पायांत बंद बूट घाल.