होलोग्रॅमसाठी फिल्म निवडताना

नांदेडच्या आमच्या शाळेतील दहावीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनात होलोग्रॅम करून दाखवायचे ठरवले. एका महाविद्यालयातून हेलियम-निऑन लेसर मागून आणला. प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या कॅमेऱ्याची कृष्णधवल फिल्म पडून होती. फिल्म प्रकाश टिपते, लेसर प्रकाश देतो, मग अडचण कसली, असे मलाही वाटले. रात्री सारे जमवले, फिल्मवर प्रकाश पाडला, ती धुतली, वाळवली. फिल्म एकसारखी करडी झाली होती. ती कशीही फिरवून पाहिली तरी समोर ठेवलेल्या शिंपल्याचा मागमूस नव्हता. मुलांनी लेसरला दोष दिला. दोष होता फिल्मचा, म्हणजे ती निवडणाऱ्या माझा.

साध्या छायाचित्रात फिल्मवर प्रकाश कोठे जास्त आणि कोठे कमी पडला एवढीच नोंद होते. प्रकाशतरंग वस्तूवरून निघून फिल्मपर्यंत पोचला तेव्हा त्याची कला कोणती होती, म्हणजे तो शिखरावर होता की दरीत, ही माहिती हरवते आणि तिच्याबरोबर वस्तूची खोलीही हरवते. ही माहिती टिपण्याची युक्ती डेनिस गॅबॉर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. वस्तूवरून आलेल्या तरंगांत त्याच प्रकाशाची दुसरी, सरळ आलेली शलाका मिसळायची. दोन्हींच्या व्यतिकरणाने उजळ आणि काळे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांतच कला लपलेली असते. परंतु यासाठी एकाच तरंगलांबीचा, कलासंबद्ध प्रकाश हवा. तो १९६० साली लेसरने दिला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेत लीथ व उपात्निएक्स यांनी आणि सोव्हिएत संघात डेनिस्युक यांनी आपापल्या पद्धतींची कामे प्रसिद्ध केली. गॅबॉर यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हे पट्टे किती बारीक असतात ते पाहू. हेलियम-निऑन लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर असते. दोन शलाकांमध्ये ३० अंशांचा कोन असेल, तर लगतच्या दोन उजळ पट्ट्यांत सुमारे १.२ मायक्रोमीटर अंतर पडते. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठशेच्या वर पट्टे. डेनिस्युक पद्धतीत शलाका एकच असते. ती प्लेटमधून आरपार जाते, मागे ठेवलेल्या वस्तूवर आपटून परत येते, आणि जाणारे व येणारे तरंग प्लेटवरील जिलेटिनच्या थरातच समोरासमोर भेटतात. जिलेटिनमध्ये प्रकाशाची तरंगलांबी आखूड होऊन साधारण ४२० नॅनोमीटर राहते, आणि पट्ट्यांमधले अंतर तिच्या निम्मे, म्हणजे २१० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये सुमारे ४,७०० पट्टे!

साधी कृष्णधवल फिल्म एका मिलिमीटरमध्ये शंभरएक रेषाच वेगवेगळ्या दाखवू शकते. तिच्या पायसातील सिल्व्हर ब्रोमाइडचा एकेक कण या पट्ट्यांपेक्षा मोठा असतो. गोधडीच्या दोऱ्याने पैठणीचा पदर विणायला बसावे तसा आमचा पहिला प्रयत्न होता. सारे पट्टे एकाच कणाखाली गडप झाले आणि उरला तो करडा रंग.

होलोग्रॅमच्या फिल्मचे कण म्हणूनच अतिसूक्ष्म असतात. रशियातील स्लाविच कारखान्याच्या दोन प्लेट्सची माहिती पाहिली म्हणजे निवडीचे गणित कळते. पीएफजी-०१ या प्लेटचे कण सुमारे ४० नॅनोमीटरचे आहेत आणि ती मिलिमीटरला ३,००० रेषा टिपते. पीएफजी-०३एम या प्लेटचे कण ८ ते १२ नॅनोमीटरचे असून ती ५,००० रेषांच्या पुढे जाते. मग सर्वांनी दुसरीच का घेऊ नये? कारण कण लहान केला की तो प्रकाश कमी पकडतो. पहिलीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मायक्रोजूल ऊर्जा पुरते, दुसरीला सुमारे २,००० लागते. तिसरा पर्याय प्रकाशबहुलकाच्या फिल्मचा. ती धुवावी लागत नाही, प्रकाश पडतानाच तिच्यात प्रतिमा तयार होते. परंतु तिला सुमारे २०,००० मायक्रोजूल हवेत.

आमच्या लेसरची शक्ती ५ मिलिवॉट होती. त्याची शलाका भिंगाने पसरून १० सेंमी × १० सेंमी जागेवर पाडली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ५० मायक्रोजूल मिळतात. भागाकार तुम्हीच करा. पहिल्या प्लेटला २ सेकंद, दुसरीला ४० सेकंद आणि बहुलकाच्या फिल्मला ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटे! तेवढा वेळ वस्तू आणि प्लेट यांच्यातील अंतर तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याहून, म्हणजे साठएक नॅनोमीटरहून जास्त बदलता कामा नये. नाहीतर पट्टे सरकतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. फिल्म निवडताना आपण किती वेळ निश्चल राहू शकतो हेच खरे तर निवडत असतो.

डेनिस्युक पद्धत सोपी म्हणून आम्ही सूक्ष्मकणी प्लेट घेतली. प्रदर्शनाच्या निधीतून एक छोटे पाकीट आले. दुसरे मागवायला पैसे नव्हते. मुलांनी हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबवर शहाबादी फरशी ठेवली, तिच्यावर वाळूचा ट्रे आणि वाळूत प्लेट व नाणे रोवले. कापूस, पान, कागद अशा वस्तू येथे चालत नाहीत. त्या हवेतील ओलाव्यानेही हलतात. पहिली प्लेट तरीही कोरीच निघाली. शेजारच्या वर्गातला पंखा बंद करायचा राहिला होता, आणि चाळीस सेकंद संपण्याआधीच रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्यानंतर आम्ही रात्री अकरानंतर काम केले. सारे जागेवर ठेवून दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही, मग काळा पुठ्ठा हळूच उचलायचा. येथे जाता जाता सांगतो, नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तेथेही लेसरच्या दोन शलाकांचे व्यतिकरणच पाहायचे आहे, फक्त त्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून येतील. आमची ट्यूब आणि त्यांची वेधशाळा यांचा शत्रू एकच, तो म्हणजे जमिनीची थरथर.

दुसरी प्लेट माझ्या घाईने गेली. उन्हाळ्यात प्लेट्स फ्रीजमध्ये ठेवतात. तेथून काढल्यावर पाकीट बंदच ठेवून ते खोलीइतके गरम होऊ द्यावे लागते. मी ते लगेच उघडले आणि थंड काचेवर दव जमले. धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष हवे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, त्यात जिलेटीन मऊ होऊन सुटते. विकासक आणि पाणी दोन्ही २० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावीत.

फिल्म आणि लेसर यांचा रंग जुळला पाहिजे, ही गोष्ट पाकीट मागवतानाच पाहावी. लाल प्रकाशासाठी केलेली प्लेट हिरव्या लेसरला नीट दाद देत नाही. अंधाऱ्या खोलीतील मंद दिवाही त्यावरूनच ठरतो: लाल प्लेट असेल तर मंद हिरवा दिवा, हिरवी असेल तर लाल. जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळून केलेली प्लेट फार तेजस्वी होलोग्रॅम देते, परंतु ती निळ्या प्रकाशाला आणि काहीशी हिरव्याला प्रतिसाद देते. शिवाय डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. शाळेत त्याच्या वाटेला जाऊ नये. विरंजक द्रावणाच्या बाटलीवरील घटक वाचावेत आणि ते काम हातमोजे घालून शिक्षकांनीच करावे. लेसरची न पसरलेली शलाका डोळ्यांत जाऊ देऊ नये, चकचकीत नाण्यावरून उसळलेलीसुद्धा.

भारतात फोटोफिल्म बनवणारा उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना आता बंद झाला आहे. होलोग्राफीवरील पुस्तकांमुळे जगभर माहीत असलेले पी. हरिहरन यांनी कधीकाळी त्याच्या प्रयोगशाळेत काम केले होते. ॲग्फा कंपनीनेही होलोग्राफीच्या प्लेट्स बनवणे केव्हाच थांबवले. त्यामुळे आज शाळांना परदेशातल्या मोजक्या उत्पादकांवर अवलंबून राहावे लागते. आधी एकदा रिकाम्या काचेवर सगळी रंगीत तालीम करावी, मगच पाकीट फोडावे.

तिसरी प्लेट पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत कोरी दिसत होती. सकाळी एका मुलीने ती व्हरांड्यात उन्हात तिरकी धरली आणि ओरडली. काचेमागे बोटभर खोलीवर नाणे होते. मान हलवली की त्याची कड दिसत होती. फक्त ते लाल नव्हते, पिवळसर हिरवे होते. धुताना आणि वाळताना जिलेटिनचा थर आकसतो, पट्टे जवळ येतात आणि मग ते आखूड तरंगलांबीचा प्रकाश परतवतात. मुलीने प्लेटवर तोंडाने वाफ सोडली. क्षणभर ओल्या झालेल्या भागात नाणे पुन्हा लालीकडे झुकले आणि वाफ उडताच हिरवे झाले.