तारांना बाय-बाय? जरा थांबा!

मीटिंगमध्ये तारा दिसायला नकोत, म्हणून क्लिअर अलायनर हवेत? जरूर! पण आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडून एक्स-रे काढून हिरड्या, मुळं तपासून घ्या. घरबसल्या अलायनर पाठवणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि अनेकांची ट्रीटमेंट अर्धवट लटकली.

एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो, तोही दिवसाचे २०-२२ तास घातला तरच. म्हणजे कटिंग पिताना काढायचा, चूळ भरून पुन्हा चढवायचा. (तुमचे चहाचे राउंड मोजा एकदा!) दाताच्या टोकाशी फट दिसतेय? ट्रे नीट बसलेला नाही. डॉक्टरांनी दिलेली मऊ च्युई चावा; तरीही फट राहिली, तर पुढचा ट्रे न चढवता त्यांनाच गाठा. आणि हो, रिटेनरचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे आधीच विचारा.