चला, भट्टीच्या माथ्यावर!

आजीकडे घावन घालायचा बिडाचा तवा तुम्ही कधी उचलून पाहिलाय? दोन्ही हात लावावे लागतात, हो ना? अशा बिडासाठी लागणारं लोखंड जिथे बनायचं, अशा एका अवाढव्य झोतभट्टीवर आज आपण चढणार आहोत. घाबरू नका, ती विझून चाळीस वर्षं झाली. आता तिच्या आजूबाजूला मुलं सायकली पळवतात!

ही भट्टी आहे जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या ड्युइसबुर्ग शहरात. ऑगस्ट थिसेन या उद्योगपतीने 1901 साली इथला कारखाना उभारायला घेतला. जिने चढत चढत साधारण 70 मीटर उंचीवर, म्हणजे वीसेक मजल्यांच्या इमारतीइतकं वर जाता येतं. तर चढता चढता ऐका, हिच्या पोटात काय चालायचं ते.

खाणीतून निघतं ते लोहखनिज. त्यात लोखंड एकटं नसतं. ऑक्सिजन त्याला घट्ट चिकटून बसलेला असतो. त्यांना वेगळं करायचं कसं? भट्टीत वरून खनिज, दगडी कोळशापासून केलेला कोक आणि चुनखडी यांचे थर टाकत राहायचं आणि खालून तापवलेली हवा जोरात सोडायची. कोक जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. हा वायू वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. मोकळं झालेलं लोखंड वितळून तळाशी जमतं. चुनखडी खनिजातल्या मातीला धरून ठेवते, त्याची होते धातुमळी. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावर मळी येते ना, तशीच हीसुद्धा लोखंडावर तरंगते!

मला सगळ्यात नवल वाटतं ते हवेचं. एक टन लोखंड करायला साधारण दीड टन हवा लागते. लोखंडापेक्षा जास्त वजनाची हवा! लोहाराचा भाता आठवा आणि तो रात्रंदिवस न थांबता चाललाय असं समजा.

भट्टीतून बाहेर पडणारा वायू विषारी, पण जळणारा. तो वाया न घालवता मोठ्या टाकीत साठवायचे आणि त्यावरच पुढची हवा तापवायचे. ती टाकी अजून आहे. 45 मीटर रुंद, 13 मीटर खोल. आता तिच्यात वायू नाही, सुमारे 2 कोटी लिटर पाणी आहे आणि त्यात माणसं ऑक्सिजनच्या नव्हे, हवेच्या नळकांड्या पाठीला बांधून बुडी मारायला शिकतात. तळाशी एक बोटही बुडवून ठेवलीय!

युरोपात गरजेपेक्षा जास्त पोलाद तयार होऊ लागलं आणि 1985 साली कारखाना बंद पडला. सगळं पाडून टाका, असं तेव्हा म्हणता आलं असतं. पण लोकांना तो हवा होता. पेटर लाट्झ या उद्यानरचनाकाराने भट्ट्या, चिमण्या, रूळ होते तिथेच ठेवून त्यांच्याभोवती बाग आखली. 1994 साली ती सर्वांसाठी खुली झाली. खनिज साठवायच्या हौदांच्या जाड भिंतींवर आता गिर्यारोहणाचा सराव चालतो, तर काही हौदांत बागा फुलल्यात. आणि जगभरातून आलेल्या खनिजाबरोबर दूरदेशीच्या बियाही आल्या होत्या. त्या इथे रुजल्या!

लाट्झ यांनी केलेलं एक काम मला फार आवडतं. लोखंड ओतायच्या खड्ड्यांत बसवलेले 49 जाडजूड पत्रे त्यांनी काढले, धुतले आणि एका चौकात फरशीसारखे मांडले. प्रत्येकाचं वजन काही टन. त्या पत्र्यांवर पाऊस पडतो, ते गंजतात आणि तसंच गंजू दिलं जातं. गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांची पुन्हा पडलेली गाठ! भट्टीने एवढी आग पेटवून ज्याला हाकललं, तो ऑक्सिजन तिच्याच अंगणात पावलापावलाने परत येतोय.

हे तुम्हालाही घरी पाहता येईल. दोन नवे, चकचकीत खिळे घ्या, पण गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. एक कोरड्या बरणीत झाकून ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर. कापूस रोज ओला करा. चार दिवसांनी दोन्ही खिळे शेजारी ठेवा, काय दिसतं ते वहीत लिहा आणि आम्हाला जरूर कळवा.