नव्या मळेकऱ्याचे पहिले वर्ष

ज्वारी, बाजरी व हरभरा यांवर ज्यांच्या पिढ्या गेल्या, असे कित्येक शेतकरी विहिरीस अथवा शेततळ्यास थोडे पाणी टिकू लागले की भाजीपाल्याकडे वळतात. हा विचार सर्वथैव योग्य आहे. परंतु त्यांपैकी पुष्कळांचे पहिल्याच हंगामात हात पोळतात, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ते मळा मोडतात. अशा रीतीने मोडलेल्या मळ्यांकडे बारकाईने पाहिल्यास असे दिसून येते की, नव्या मळेकऱ्याचे नुकसान किडीने व रोगाने जितके होते, त्याहून अधिक झाडाची खूण चुकीची वाचल्याने होते. या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

पहिला धक्का बसतो तो रोपांच्या वाफ्यात. टोमॅटोचे अथवा वांग्याचे बी चांगले उगवून येते, आणि थोड्याच दिवसांत रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडू लागतात. मग बियाणे विकणाऱ्यास दोष दिला जातो. वस्तुतः हे काम जमिनीतील बुरशीचे होय. सपाट वाफा, दाट पेरणी व साचलेले पाणी या तीन गोष्टी मिळाल्या की तिचे फावते. यास्तव १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच असा गादीवाफा करावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, दर किलो बियास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा, १० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत बी विरळ टाकावे, आणि पाणी झारीने द्यावे. एवढे केल्यास हे संकट पुष्कळ अंशी टळते.

पुढे वांग्याचे कोवळे शेंडे माना टाकतात. पाणी कमी पडले असे समजून शेतकरी पाट सोडतो. परंतु आत शेंडे पोखरणारी अळी बसलेली असते. तीच अळी पुढे फळात शिरते. सुकलेला शेंडा अळीसह खुडून नष्ट करणे, हे काम घरातील पोरही करू शकेल; मात्र ते वेळेवर व नेमाने झाले पाहिजे. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी दिसू लागली की खत कमी पडले असे वाटते व युरियाचे पोते उघडले जाते. हा केवडा रोग असून तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. रोग जडलेले झाड बरे होत नाही. ते उपटून दूर करावे. या रोगास तोंड देण्याकरिताच परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हा वाण प्रसारित केला. वाण निवडण्यातच अर्धे औषध असते, हे यावरून ध्यानी यावे.

कित्येकदा तर रोग नसताना औषध मारले जाते. टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. तो बहुधा बुरशीचा नसून पाण्याच्या अनियमिततेचा असतो. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले की फळास चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट पोहोचत नाही. तेथे फवारा काय करणार? दोडका, काकडी व भोपळा यांच्या वेलांवरील पहिली फुले गळून पडतात, ती पाहून नवखा मनुष्य घाबरतो. ही नरफुले असतात व ती गळायचीच. फळ धरणारी मादीफुले मागून येतात. सकाळी मधमाश्या वेलावर असताना विषारी औषध फवारणाऱ्याने मात्र आपल्या हाताने आपले फळ बुडविले, असे समजावे.

हंगामाविषयीही एक शब्द. कांद्याचा ‘एन-२-४-१’ हा वाण रब्बीचा आहे. खरिपाकरिता ‘बसवंत ७८०’ अथवा ‘एन-५३’ असे वाण आहेत. शेजाऱ्याकडे उरलेले बी फुकट मिळाले म्हणून अवेळी पेरल्यास कांदा पोसत नाही, आणि बी फुकट मिळाले तरी जमीन, पाणी व मजुरी काही फुकट मिळत नाही.

मग पहिल्या वर्षी करावे तरी काय? आमचे स्पष्ट मत असे की, एकरभर कोबी लावून बाजारभावाशी जुगार खेळू नये. सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात आणि मिळेल तो भाव घ्यावा लागतो. प्रथम दोन गुंठे राखावे व ते घराकरिता लावावे. पोषणतज्ज्ञ मोठ्या माणसास रोज सुमारे ३०० ग्रॅम भाजी असावी असे सांगतात. या हिशेबाने पाच माणसांच्या घरास दिवसाकाठी दीड किलो, म्हणजे वर्षास सुमारे साडेपाच क्विंटल भाजी लागते. ज्वारीची कोठी भरलेली असताना ही भाजी आठवड्याच्या बाजारातून विकत आणणारी घरे आमच्या खेड्यांत थोडी नाहीत.

आरंभ मेथी, मुळा व पालक यांनी करावा. मेथी सुमारे महिन्याभरात काढणीस येते, त्यामुळे चूक झाली तरी स्वस्तात समजते. दर पंधरवड्यास एकेक वाफा पेरल्यास भाजी सतत मिळत राहते. त्यानंतर भेंडी व गवार घ्यावी. टोमॅटो व वांगी हात बसल्यावर घ्यावी. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडावी लागते, नाही तर ती जून होते. ज्वारी धन्याची आठ दिवसांची गैरहजेरी सोसते. भाजी ती सोसत नाही. ज्यास रोज अर्धा तास झाडांमध्ये फिरणे जमत नाही, त्याने मळ्याचा नाद करू नये. या कामी घरातील स्त्रियांचा सल्ला अवश्य घ्यावा. मोरीच्या पाण्यावर परसात घेवडा व दोडका त्या वर्षानुवर्षे वाढवीत आल्या आहेत, आणि वेलाची नजर त्यांस आपल्यापेक्षा अधिक आहे.

औषध मारावेच लागले तर ते त्या पिकाकरिता शिफारस केलेले असावे, आणि वेष्टनावर लिहिलेले दिवस भरल्याखेरीज तोडणी करू नये. जी भाजी आपल्या मुलांच्या ताटात वाढण्यास मन घेत नाही, ती बाजारात नेणे हा व्यापार नव्हे.

एक वही ठेवावी. पेरणीची तारीख, वाण, पाणी, कीड दिसली तो दिवस, खर्च व उतारा एवढे तीत टिपावे. पहिल्या वर्षीचे उत्पन्न बेताचेच येईल. परंतु कोणता वाफा का फसला हे त्या वहीत लिहिलेले असेल, तर दुसऱ्या वर्षी दोनाचे चार गुंठे करण्यास हरकत नाही.